कॉबी मेनूला विकायचं की ठेवायचं, यावरून मित्र तुटला

प्रश्न

जुलै २०२५ मध्ये अमळनेरच्या एका वाचकाचं चार पानांचं पत्र आलं; खालचं उत्तरही तेव्हाचंच. त्याचा सारांश असा:

वय ३१, वडिलांबरोबर कृषी केंद्र सांभाळतो. प्रताप कॉलेजात असल्यापासून सहा मित्र मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबाचे फॅन. एकाच्या गच्चीवरच्या खोलीत वर्गणी काढून प्रोजेक्टर लावलाय, सामने तिथेच बघतात. सहांतला सगळ्यात जवळचा मित्र काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला. तेव्हापासून तो व्हॉट्सॲप ग्रुपवरूनच सामना बघतो आणि सणावाराला आला की गच्चीवर येतो. दरवर्षी जुलै-ऑगस्टात, मोसम सुरू होण्याआधी, कोण यावा आणि कोण जावा यावर ग्रुपमध्ये रान पेटतं. यंदा वाद कॉबी मेनू या तरुण मिडफिल्डरवरून झाला. पत्रलेखकाचं म्हणणं, त्याला चांगल्या भावात विकावं आणि त्या पैशात तयार डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (मधल्या फळीत राहून बचाव सांभाळणारा) घ्यावा. मित्राचं म्हणणं, अकादमीतलं, म्हणजे लहानपणापासून क्लबानेच घडवलेलं पोरगं विकणारा क्लब स्वतःलाच विकतो. रात्री दीड वाजेपर्यंत मेसेज चालले. शेवटी मित्राने लिहिलं, ‘तू दुकानदार शे भो, तुले सगळीकडे मालच दिसस.’ पत्रलेखकानेही उत्तर दिलं, आणि मित्र ग्रुपमधून बाहेर पडला. तीन आठवडे बोलणं नाही. बाकीच्यांपैकी दोघांनी याच वादावर दोन-दोन हजारांची पैज लावलीय.

आता कानबाईला, खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, मित्र गावी येणार. पत्रलेखकापुढे तीन वाटा आहेत: आपणही ग्रुप सोडावा, ‘तूच बरोबर होतास’ म्हणून मोकळं व्हावं, किंवा १ सप्टेंबरला ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद होईपर्यंत गप्प राहावं, कारण तेव्हा कोण बरोबर ते आपोआप कळेल. कल तिसऱ्या वाटेकडे आहे. शेवटी विचारलंय, ‘ताई, क्लबच्या निर्णयावर टीका करणारा खरा फॅन नसतो का? आणि तुम्हाला काय वाटतं, मेनूला विकावं का?’

उत्तर

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटेल. मी लिव्हरपूलची, म्हणजे तुमच्या जुन्या प्रतिस्पर्धी क्लबाची फॅन. गेल्या मोसमात युनायटेड पंधराव्या नंबरावर गेलं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले नाहीत, पण कोणी जेवण टाकून बसलंही नाही. तेव्हा तुमच्या क्लबाबद्दल पुढे जे लिहीन, त्यात तिखट जास्त पडलं तर चालवून घ्या.

तिसऱ्या वाटेपासून सुरू करते, कारण तुम्ही मनातून तीच धरून बसला आहात. १ सप्टेंबरला काय कळेल? कोण आला आणि कोण गेला, एवढंच. कोण बरोबर होतं, ते त्या रात्री कळत नाही. पुढच्या मे महिन्यातही कळेलच असं नाही. तुमच्याच क्लबाची उदाहरणं देते.

ऑगस्ट २०२४ मध्ये युनायटेडने स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला विकलं, साधारण अडीच कोटी पौंडांना. लहानपणापासून क्लबात वाढलेला मुलगा. त्या दिवशीचे तुमच्या ग्रुपवरचे मेसेज वर सरकवून एकदा वाचा. माझी खात्री आहे, निम्म्यांनी ‘बरं झालं, पैसे चांगले आले’ असंच लिहिलं असणार, आणि त्यांत कदाचित तुमचा अकादमीप्रेमी मित्रही असेल. नऊ महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, नापोलीने इटलीची लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात कालियारीविरुद्ध पहिला गोल मॅकटॉमिनेचा, आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच आठवड्यात युनायटेड बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलं. म्हणजे ऑगस्टात जे शहाणे होते ते मेमध्ये वेडे ठरले.

पण खरंच वेडे ठरले का? हे अमळनेरच्या माणसाला मी काय समजावणार! १९४५ साली तुमच्या गावात तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर कोणाकडे होते, कोणी धरून ठेवले आणि कोण कोट्यधीश झालं, हे तुमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तसंच, कोणी मध्येच विकून टाकले, तेही. विकणाऱ्याचं नाव निघालं की लोक च् च् करतात. पण त्याने ते मुलीच्या लग्नासाठी विकले असतील, विहीर खोदायला विकले असतील. पुढच्या पन्नास वर्षांचा भाव ठाऊक असूनही त्याने विकले, असं थोडंच झालं? त्या दिवशी घरात गरज होती आणि पेटीत कागद होता. आज त्या शेअरचा भाव सगळे काढतात. त्या विहिरीवर किती वर्षं बागायत झाली, ते कोणी हिशेबात धरत नाही. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर बोलताना आपण सगळे हेच करतो. विकल्याच्या दिवशीची गरज विसरतो आणि आजचा भाव लावतो.

क्लबाची गरज म्हणजे काय, हे तुम्ही दुकानाचं खातं लिहिता म्हणून तुम्हाला चटकन कळेल. प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगचा, २०२५-२६ पर्यंतचा नियम असा की अकादमी, महिला संघ असे काही खर्च वगळून क्लबाने तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांवर तोटा दाखवायचा नाही. दाखवला तर गुण कापतात. २०२३-२४ च्या मोसमात एव्हर्टनचे आधी १० कापले, अपिलात ते ६ झाले, मग आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. आता खरी मेख ऐका. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकतात. समजा ६ कोटींचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला, तर वर्षाला १ कोटी २० लाख खर्ची. दोन वर्षांनी तो ४ कोटींना विकला, तर वहीत त्याचे अजून ३ कोटी ६० लाख शिल्लक असतात. नफा दिसतो फक्त ४० लाखांचा. अकादमीतला पोरगा मात्र वहीत शून्यावर बसलेला असतो. तो ४ कोटींना गेला की चारच्या चार कोटी नफा.

म्हणजे घरचं पोरगं विकायचा मोह क्लबांना नियमानेच लावून दिलाय. दरवर्षी उन्हाळ्यात इंग्लंडमधले क्लब आपली अकादमीतली मुलं बाजारात का उभी करतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. तुमचं म्हणणं या हिशेबात बसतं, हे मान्य. पण तुमच्या मित्राचा राग नेमका याच हिशेबावर आहे, आणि तो रागही वेडगळ नाही.

त्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते, कारण पत्रात तुम्ही त्याची बाजू तीन ओळींत उरकलीय. ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला किमान एक खेळाडू राहिलेला आहे. महायुद्ध झालं, म्युनिकला संघाच्याच विमानाला अपघात झाला, मालक बदलले, प्रशिक्षक किती आले नि गेले. पण हा धागा तुटला नाही. आम्हा लिव्हरपूलवाल्यांनाही याचा मत्सर वाटतो, हे लिव्हरपूलचंच माणूस तुम्हाला सांगतंय. मेनू हा त्या धाग्यातला आजचा मणी. वयाच्या नवव्या वर्षापासून क्लबात, मे २०२४ मध्ये एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल, त्याच उन्हाळ्यात युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) फायनलमध्ये इंग्लंडकडून पहिल्या अकरांत. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. अशा मुलाबद्दल कोणी ‘याचे किती येतील’ म्हटलं की काहींच्या पोटात कालवतं. त्यात बाजार कळत नाही असं काही नसतं.

आता दोन्ही बाजूंना गप्प बसवणाऱ्या दोन जुन्या गोष्टी. २००३ च्या उन्हाळ्यात युनायटेडने अकादमीतला डेव्हिड बेकहॅम रिआल माद्रिदला विकला. फॅन हळहळले. त्याच उन्हाळ्यात लिस्बनहून १८ वर्षांचा क्रिस्तियानो रोनाल्डो आला आणि बेकहॅमचा ७ नंबर त्याने घेतला. तुमचा मुद्दा जिंकला. २०१२ मध्ये अकादमीतून आलेल्या पॉल पोग्बाला क्लबाने जवळजवळ फुकट जाऊ दिलं; २०१६ मध्ये त्यालाच परत आणायला ८ कोटी ९० लाख पौंड मोजले, तेव्हाचा जागतिक विक्रम; आणि २०२२ मध्ये तो पुन्हा फुकटच निघून गेला. हे कोणाच्या बाजूने धरायचं, तुम्हीच ठरवा. मला तर यात मित्रही जिंकलेला दिसतो, तुम्हीही जिंकलेले दिसता, आणि क्लब दोन्ही वेळा हरलेला. २०१२ चा तो निर्णय फर्ग्युसनसारख्या मुरलेल्या प्रशिक्षकाच्या काळातला आहे, हेही लक्षात असू द्या. त्यांना दहा वर्षं पुढचं दिसलं नाही, ते आपल्याला गच्चीवर बसून सहा आठवड्यांत दिसणार होय?

म्हणून १ सप्टेंबरची वाट बघू नका. पोग्बाचा निकाल लागायला दहा वर्षं गेली, आणि तो लागला असं अजूनही म्हणता येत नाही.

दुसरी वाट, ‘तूच बरोबर होतास’ म्हणून टाकायची. ही मला पहिल्यापेक्षाही नापसंत. तुम्हाला तसं वाटत नाही, त्याला ते कळेल, आणि लहान पोराला गप्प करायला गोळी दिली असं त्याला वाटेल. फुटबॉलवरचं मत मागे घ्यायचं काही कारण नाही. ते मत आहे, राहू द्या.

मागे घ्यायची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्या पत्रात आहे. चार पानांत मेनूवर दीड पान आहे, तेव्हाचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांच्या तीन बचावपटूंच्या रचनेवर जवळजवळ एक पान आहे (छान लिहिलंय, तुम्ही यावर खरंच लिहीत जा), आणि मित्राने तुम्हाला दुकानदार म्हटलं ते दोनदा अधोरेखित केलंय. तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते मात्र कंसात, बारीक अक्षरात आहे: ‘गाव सोडून गेलेल्याने आम्हाला निष्ठा शिकवू नये.’

आता बघा. त्याने जे म्हटलं ते वाईटच. वडिलांची गादी सांभाळणाऱ्या मुलाला ‘दुकानदार’ हे हिणवून म्हटलेलं किती लागतं, ते मला माहीत आहे. पण त्याच्या वाक्याला निदान फुटबॉलचा पातळ का होईना पदर होता. तुमच्या वाक्यात मेनू कुठेच नव्हता. खानदेशातून पुण्याला, नाशिकला, सुरतेला जाणाऱ्या पोरांपैकी किती जण हौसेने जातात? तुमच्या मित्राचं मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक असणार. वाद चालला होता घरच्या पोराला क्लबाने ठेवावं की जाऊ द्यावं यावर. जो स्वतः घर सोडून गेलाय तो ‘ठेवा’ म्हणत होता आणि जो राहिलाय तो ‘जाऊ द्या’ म्हणत होता. मी याचा फार अर्थ काढत नाही. कदाचित काहीच अर्थ नसेल. पण रात्री दीडपर्यंत दोन शहाणी माणसं नुसत्या मिडफिल्डवर भांडत होती, असं काही मला वाटत नाही.

‘खरा फॅन’ म्हणजे कोण, हेही तुम्ही विचारलंय. युनायटेडचा प्रत्येक निर्णय पटणारा फॅन मँचेस्टरमध्येही सापडायचा नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब कर्ज काढून विकत घेतला, तेव्हा तिथल्या काही फॅननी रागाने वेगळा क्लबच काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. तो आजही खेळतो. ते फॅन खोटे होते का? उरलेले, जे रडत-कुढत क्लबाच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला जात राहिले, ते खोटे होते का? कोणी कोणाला ही सर्टिफिकेटं वाटू नयेत. तुमचे वडील बहुधा विचारत असतील की अमळनेरात बसून मँचेस्टरची एवढी चिंता कशाला. त्यांना सांगा, आपल्या राज्यात पुण्याचा क्लब होता तो २०१९ मध्ये गुंडाळला गेला, आणि आपल्या फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा मोसम जुलै २०२५ मध्ये अधांतरी ठेवला गेला. जिथे खेळ नीट चालतो तिथे माणसाचं मन लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथल्या मतपेटीत आपलं मत नाही. मेनूला ठेवायचं की नाही यात तुमचं वजन शून्य, मित्राचं शून्य, आणि माझं तर शून्याच्याही खाली.

मी स्वतः काय केलं असतं, ते सांगते, कारण विचारलंय तर टाळणार नाही. मी ठेवला असता. जुलै २०२५ मध्ये त्याचं वय २०, करार २०२७ पर्यंतचा, आणि एका वाईट मोसमानंतर भाव पडलेला असताना विकणं हे तुमच्या दुकानाच्या हिशेबानेही चूक आहे. २०२५-२६ मध्ये युनायटेडला युरोपातले सामने नाहीत, त्यामुळे त्याला खेळायला कमी मिळेल, शिवाय अमोरिमच्या रचनेत मधल्या फळीत दोनच जागा आणि त्यांतली एक बहुधा ब्रूनो फर्नांडिसची. तेव्हा फार तर वर्षभर लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाला उसना, पाठवला असता. तुम्हाला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर हवाय तो मात्र खरंच हवाय. पण हे मत लिव्हरपूलवालीचं आहे, ग्रुपवर टाकून त्याचा दगड करू नका.

आता कानबाईचं. यंदा नागपंचमी २९ जुलैला, म्हणजे कानबाई ३ ऑगस्टच्या रविवारी. तो शनिवारीच येईल. तुम्ही रविवारची वाट बघू नका, त्या दिवशी त्याच्या घरी स्थापनेची धावपळ, रोटांचं (कानबाईच्या नैवेद्याचं) दळण-भाजणं, पाहुणे. तेवढ्या गर्दीत माणूस वरवर हसतो आणि निघून जातो, आणि तुम्हाला वाटतं मिटलं. मिटलेलं नसतं. फोन त्याआधी करा, तो पुण्याहून निघायच्या आधी. मेसेज नको, मेसेजनेच घोळ झालाय. बोलायला लांबलचक काही नको. ‘गाव सोडण्याबद्दल बोललो ते चुकलं. मेनूबद्दलचं माझं मत तेच आहे, त्यावर गच्चीवर भांडू.’ एवढं पुरे. त्याने दुकानदार म्हटल्याची माफी त्याच फोनवर मागून घ्यायला जाऊ नका. कदाचित तो स्वतःहून म्हणेल. नाही म्हणाला, तर महिन्या-दोन महिन्यांनी शांतपणे सांगा की ते लागलं होतं. पण सांगा मात्र नक्की. गिळून टाकलेलं पुढच्या जुलैत वर येतं.

रोट भाऊबंदांपुरते असतात, तिथे जायचा हट्ट नको. पण रविवारी रात्री त्याच्या घरी कानबाईची गाणी असतील, सोमवारी विसर्जनाला बोरी नदीपर्यंत मिरवणूक जाईल, तिथे कोणी कोणाला अडवत नाही. जा, त्याच्या आईला नमस्कार करा, चहा घ्या, फुटबॉल काढू नका.

ग्रुप सोडायचा विचार डोक्यातून काढा. दोघं बाहेर पडलात की उरलेल्या चौघांना बाजू घ्यावी लागेल, आणि ग्रुप तिथेच मोडेल. मात्र ॲडमिन कोण असेल त्याला सांगून काही गोष्टी बदलून घ्या. हे सांगताना मला इतर पत्रंही आठवतायत. आयपीएलच्या लिलावाच्या दिवसांत मला हीच पत्रं येतात, फक्त क्लबांची नावं वेगळी असतात. धुळ्याच्या एका मुलीने लिहिलं होतं की भाऊ आणि त्याचे मित्र तिच्यासमोर तासन्‌तास संघ लावतात, तिने एक नाव सुचवलं की ‘तुले काय समजस’ म्हणून हसतात. नंदुरबारच्या एका बाईंचा नवरा डेडलाइनच्या रात्री झोपत नाही आणि सकाळी पोरांवर खेकसतो. तेव्हा हे सगळ्यांसाठीच.

क्लबाने स्वतः जाहीर करेपर्यंत कोणतीही बातमी ‘झालं’ म्हणून टाकायची नाही. तुमच्या भांडणातला अर्धा दारूगोळा अफवांचा होता. चार वेगवेगळ्या किमती तुम्हीच पत्रात लिहिल्यात, आणि त्यांतली एकही क्लबाने सांगितलेली नाही. ज्याला मत आहे त्याने ते कारणासकट एकदा लिहावं आणि गच्चीवरच्या खोलीत एक वही ठेवून त्यात उतरवावं: कोणाला विकावं, कोणाला घ्यावं, का. मे महिन्यात ती वही उघडा. मी सांगते, सगळ्यांचंच हसू होईल, आणि ते हसू फार चांगलं असतं, कारण त्यात एकटा कोणी सापडत नाही. ग्रुपवर हा विषय रात्री अकरानंतर बंद. माणूस अकरानंतर जे टाइप करतो ते सकाळी वाचवत नाही. आणि कोणाची नोकरी, दुकान, गाव, जात, बायको यांतलं काहीही वादात आलं की त्या माणसाने पुढच्या सामन्याला सगळ्यांना वरण-बट्टी घालायची, वांग्याच्या भाजीसकट. यावर अपील नाही.

दोन हजारांची ती पैज रद्द करा. ज्यांनी लावलीय त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. एका मित्राच्या भांडणावर दुसऱ्या दोघांनी पैसे लावले की भांडण मिटू नये अशी दोघांची नकळत सोय होते. आणि मोबाइलवर पैसे लावायची जी ॲप असतात, त्यांचं तर नावच नको.

धुळ्याच्या मुलीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्याला खेळातलं किती कळतं हे दाखवायला वाद घालू नये. दुसऱ्याला काय दिसतंय ते विचारावं. ‘तुला मेनूत असं काय दिसतं?’ हा प्रश्न त्या दीड वाजेपर्यंतच्या शेकडो मेसेजांत एकदाही आलेला नाही, असं मी पैजेवर सांगते. (वरण-बट्टीच्या पैजेवर.)

१७ ऑगस्टला, रविवारी रात्री ९ वाजता, युनायटेडचा पहिला सामना घरच्या मैदानावर आर्सेनलशी आहे. १५ ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी. पुण्यातल्या नोकरदाराला तीन दिवस मिळतात. फोनवर बोलणं नीट झालं तरच त्याला तेव्हा गच्चीवर बोलवा, आणि तो ‘बघतो’ म्हणाला तर जास्त ताणू नका. पंधरवड्यात दोनदा गावी येणं तिकिटाचा खर्च आणि रजा बघता सोपं नसतं. नाही आला, तर प्रोजेक्टरसमोर फोन धरून त्याला सामना दाखवायचा उद्योगही करू नका. तो पुण्यात त्याच्या खोलीवर बघेल आणि ग्रुपवर शिव्या घालेल, ते पुरे आहे. पण त्यासाठी ॲडमिनने त्याला ग्रुपमध्ये परत घ्यायला हवं, आणि ते तुमचा फोन झाल्यावर, त्याला विचारून. आधीच परस्पर ॲड करू नका.

शेवटचं: पत्रात तुम्ही लिहिलंय की तुमच्या बायका एकमेकींच्या संपर्कात आहेत आणि तुमची बायको ‘मी विचारून बघते’ म्हणतेय. तिला नको म्हणा. त्याच्या आईकरवीही निरोप नको. फोन तुम्हीच करा, दुकान बंद झाल्यावर, आठ-साडेआठला. नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा.